लादी क्वालीचे रांजण

कुंभारकाम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गरगरणारं चाक येतं आणि चाकाशी बसलेला पुरुष. कुंभारणीनं माती मळायची, मडकी रंगवायची, बाजारात न्यायची. चाकाला मात्र हात लावायचा नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. मध्य नायजेरियातल्या ग्वारी मुलखात चाक नव्हतंच, आणि भांडी घडवायच्या त्या बायकाच. लादी त्यांच्यातलीच एक. १९२५च्या सुमारास क्वाली गावात जन्मली आणि गावाचंच नाव तिला चिकटलं. हे काम ती लहानपणी नात्यातल्या एका बाईकडून शिकली.

मातीचा गोळा ठोसून खोलगट करायचा, त्यावर जाड वळ्या चढवायच्या, मग आतून-बाहेरून खरवडत भिंत पातळ करत न्यायची. भांडं जागच्या जागी, आणि लादी त्याच्याभोवती फिरणारी. रांजणाची गोलाई तिच्या पावलांतून यायची. ओल्या अंगावर ती रेघा कोरायची, खाचा पाडलेला लाकडी रूळ फिरवून पट्टे उठवायची आणि पट्ट्यांमधल्या जागेत सरडे, विंचू, मगरी, साप, मासे सोडायची. रांजणाच्या फुगीर पोटावर पसरलेले ते सरडे मला तिच्या कामातले सर्वांत जिवंत वाटतात.

अबुजाचे अमीर सुलेमान बराऊ यांनी तिची भांडी वाड्यात मांडून ठेवली होती. १९५०मध्ये इंग्रज कुंभार मायकल कार्ड्यूनं ती तिथंच पाहिली. म्हणून ‘कार्ड्यूनं लादीला शोधलं’ हे म्हणणं मला पटत नाही. तिची पारख तिच्या मुलखात आधीच झालेली होती. पुढे अबुजात, म्हणजे आजच्या सुलेजात, कार्ड्यूनं कुंभारकामाचं प्रशिक्षण केंद्र काढलं. १९५४मध्ये लादी तिथं दाखल झाली. केंद्रातली ती पहिली स्त्री. चाक शिकली, झिलई शिकली; मोठे रांजण मात्र हातानंच उभारत राहिली. कोरलेल्या रेघांत पांढरी माती भरायची, वर झिलई, आणि मग लाकडाच्या भट्टीत तेराशे अंशांच्या आसपासची आच.

गावातला रांजण गवताकाटक्यांच्या उघड्या जाळात भाजलेला. तो पाझरायचा, म्हणून त्यातलं पाणी गार राहायचं. माठातलं पाणी प्यालेल्या आपल्याला हे सांगायला नको. झिलईनं आणि त्या कडक आचेनं हा पाझर बंद केला. पाण्याचा रांजण पाहण्याची वस्तू झाला आणि लंडनच्या बर्कली गॅलरीत जाऊन उभा राहिला. एक उपयोग गेला, हे खरंच. पण रेघ तीच राहिली, सरडेही तेच, आणि माझ्या लेखी तिचं मोठेपण यातच आहे.

मानसन्मान भराभर आले. १९६०च्या दशकारंभी ब्रिटिश सरकारचा एम.बी.ई. किताब, १९७२मध्ये अमेरिकेत प्रात्यक्षिकांचा दौरा, १९७७मध्ये अहमदू बेल्लो विद्यापीठाची मानद डॉक्टरेट. १९८४मध्ये ती गेली. सुलेजाच्या केंद्राला आज तिचं नाव आहे. आणि नायजेरियाची २० नायराची नोट कधी हाती आलीच, तर उलटून पाहा: मागच्या बाजूला लादी आपलं भांडं घडवते आहे.