नामसाधर्म्य आणि वृक्कघात

द्रव्याचे नाम व रूप जाणणे ही चिकित्सेची पहिली पायरी होय. ती चुकल्यास काय घडते, हे ब्रुसेल्समधील एका प्रकरणाने दाखविले. तेथील स्थौल्यचिकित्सा केंद्रात १९९० पासून देण्यात येणाऱ्या योगात स्टीफानिया या चिनी वनस्पतीऐवजी, चिनी नावांतील साधर्म्यामुळे, ॲरिस्टोलोकिया फांगची मिसळली गेली. तरुण स्त्रियांचे वृक्क झपाट्याने निकामी होऊ लागले. १९९३ मध्ये बेल्जियन संशोधकांनी हे प्रकरण प्रसिद्ध केले. २००० मधील अभ्यासात निकामी वृक्क काढून टाकलेल्या ३९ रुग्णांपैकी १८ जणांच्या मूत्रमार्गात कर्करोग आढळला.

कारण आहे ॲरिस्टोलोकिक आम्ल. त्यामुळे वृक्कातील सूक्ष्म नलिकांभोवती तंतुमयता वाढते; ते पेशींच्या डीएनएशी जोडले जाते. म्हणूनच औषध थांबविल्यावरही वर्षांनंतर अपाय प्रकट होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते मानवात निश्चित कर्करोगकारक ठरविले आहे.

आपली ईश्वरी याच कुलातील असून तिच्यातही हे आम्ल असते. दीर्घ परंपरेचा आधार येथे पुरेसा नाही, कारण वर्षांनी उद्भवणाऱ्या अपायाचा औषधाशी संबंध अनुभवाने सहसा जुळत नाही. ईश्वरीचा आभ्यंतर प्रयोग टाळावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

औषधनिर्मात्यांनी कच्चे द्रव्य केवळ बाजारनामावर न घेता वनस्पतिशास्त्रीय नावासह घ्यावे, त्याची प्रयोगशाळेत ओळख पटवावी व प्रत्येक घाणीचा नमुना जपावा. अज्ञात वनौषधी घेतलेल्या रुग्णात पांडुता दिसल्यास, शोथ नसला तरी, वैद्यांनी रक्तातील क्रिएटिनिन अवश्य तपासावे.