माजी सैनिकांच्या संघटना आणि दबावगटाचे राजकारण : ‘एक पद, एक निवृत्तिवेतन’ चळवळीच्या संदर्भात

प्रस्तावना

राज्यशास्त्राच्या अध्यापनात दबावगटांचा विचार करताना कामगार संघटना, शेतकरी संघटना, व्यापारी मंडळे आणि विद्यार्थी संघटना यांची उदाहरणे सहसा दिली जातात. माजी सैनिकांच्या संघटनांचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. वास्तविक शासनाच्या निर्णयप्रक्रियेवर प्रभाव टाकणारा हा एक महत्त्वाचा गट आहे. ‘एक पद, एक निवृत्तिवेतन’ या मागणीसाठी उभ्या राहिलेल्या चळवळीच्या आधारे या गटाचे सामर्थ्य आणि मर्यादा स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

गटाचे वेगळेपण

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३३ नुसार सशस्त्र दलांतील व्यक्तींच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेस आहे. सेना अधिनियम, १९५० मधील कलम २१ अन्वये सैनिकांच्या संघटनास्वातंत्र्यावर व अभिव्यक्तीवर निर्बंध घालता येतात. त्यामुळे सेवेतील सैनिकास कामगारांप्रमाणे संघटना स्थापन करून मागणी मांडता येत नाही. गणवेश उतरल्यावर हे निर्बंध उरत नाहीत. साहजिकच माजी सैनिकांची संघटना स्वतःच्या सभासदांबरोबरच आज सेवेत असलेल्या, परंतु बोलू न शकणाऱ्या सैनिकाचेही म्हणणे मांडत असते. कारण आजचा सैनिक हाच उद्याचा निवृत्तिवेतनधारक असतो.

प्रश्नाचे स्वरूप

सैन्यदल तरुण राहावे म्हणून बहुसंख्य जवानांना वयाच्या चाळिशीच्या आसपासच निवृत्त केले जाते. केंद्र शासनाचा नागरी कर्मचारी मात्र साठाव्या वर्षापर्यंत सेवेत राहतो. जवानाच्या निवृत्त आयुष्यात दोन-तीन वेतन आयोग येऊन जातात. प्रत्येक आयोगानंतर नव्याने निवृत्त होणाऱ्यांचे निवृत्तिवेतन वाढते आणि त्याच पदावरून, तितक्याच सेवेनंतर पूर्वी निवृत्त झालेला सैनिक मागे पडतो.

निवृत्तिवेतन ही शासनाची मेहेरबानी नसून कर्मचाऱ्याचा हक्क आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मधील डी. एस. नकारा खटल्यात अधोरेखित केले होते. त्यामुळे माजी सैनिकांच्या मागणीस भावनिक आधाराबरोबरच वैचारिक आधारही प्राप्त झाला.

चळवळीची वाटचाल

सहाव्या वेतन आयोगाच्या पार्श्वभूमीवर २००८ मध्ये ‘इंडियन एक्स-सर्व्हिसमेन मूव्हमेंट’ ही संघटना स्थापन झाली. २००९ मध्ये माजी सैनिकांनी आपली पदके राष्ट्रपतींकडे परत करण्यास प्रारंभ केला. संप करणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांनी आपल्या सन्मानालाच निषेधाचे साधन बनविले. डिसेंबर २०११ मध्ये भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीने मागणीस अनुकूल अहवाल दिला. समान पद व समान सेवाकाल असल्यास निवृत्तीची तारीख कोणतीही असो, निवृत्तिवेतन समान असावे आणि भविष्यातील वाढ जुन्या निवृत्तांनाही आपोआप मिळावी, अशी व्याख्या या अहवालात आढळते.

यानंतर निवडणुकीचे राजकारण या प्रश्नाशी जोडले गेले. सप्टेंबर २०१३ मध्ये हरियाणातील रेवाडी येथील माजी सैनिकांच्या मेळाव्यात भारतीय जनता पक्षाचे पंतप्रधानपदाचे उमेदवार नरेंद्र मोदी यांनी हा विषय मांडला. फेब्रुवारी २०१४ मध्ये तत्कालीन अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी अंतरिम अर्थसंकल्पात हे तत्त्व मान्य करून ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. दोन्ही प्रमुख पक्ष एकाच मागणीच्या बाजूने उभे राहणे, हे दबावगटाच्या दृष्टीने मोठेच यश होय.

मान्यता मिळूनही अंमलबजावणी लांबल्याने जून २०१५ पासून दिल्लीत जंतरमंतर येथे साखळी उपोषण सुरू झाले. १४ ऑगस्ट २०१५ रोजी पोलिसांनी आंदोलकांना हटविण्याचा प्रयत्न केला. वृद्ध सैनिकांना झालेली ही धक्काबुक्की देशाने दूरचित्रवाणीवर पाहिली. ५ सप्टेंबर २०१५ रोजी तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी योजना जाहीर केली व ७ नोव्हेंबर २०१५ रोजी तसा आदेश निघाला.

व्याख्येचा वाद

या आदेशानुसार १ जुलै २०१४ पासून लाभ देण्यात आला. तथापि २०१३ या वर्षात निवृत्त झालेल्यांच्या किमान व कमाल निवृत्तिवेतनाची सरासरी हा आधार ठरला आणि फेरनिश्चिती दर पाच वर्षांनी करण्याचे ठरले. संघटनेच्या मते ‘आपोआप’ या शब्दाची जागा ‘पाच वर्षांनी’ या शब्दांनी घेतल्याने मूळ संकल्पनाच बदलली होती. आंदोलन पुढे चालू राहिले व ऑक्टोबर २०१७ मध्ये जंतरमंतरवरून आंदोलकांना हटविण्यात आले.

संघटनेच्या याचिकेवर १६ मार्च २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कोश्यारी समितीचा अहवाल म्हणजे शासनाचे धोरण नव्हे, असे सांगून न्यायालयाने योजना वैध ठरविली. मात्र १ जुलै २०१९ पासूनची प्रलंबित फेरनिश्चिती करण्याचा आदेश दिला. डिसेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने त्यास मान्यता दिली. थकबाकी देण्यातील दिरंगाईबद्दल मार्च २०२३ मध्ये न्यायालयास पुन्हा हस्तक्षेप करावा लागला. कुटुंब निवृत्तिवेतनधारक व शौर्यपदकविजेते यांना प्रथम आणि सत्तर वर्षांवरील निवृत्तांना त्यानंतर रक्कम द्यावी, असा क्रम न्यायालयाने घालून दिला. घोषणा मान्य करून घेणे आणि तिची व्याख्या आपल्या हाती राखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून दिसून येते.

अंतर्गत प्रतिनिधित्व

चळवळीचे नेतृत्व प्रामुख्याने निवृत्त अधिकाऱ्यांकडे होते, तर निवृत्तांमध्ये बहुसंख्या जवानांची आहे. सेवेतील श्रेणीरचना संघटनेतही काही अंशी टिकून राहते. सातव्या वेतन आयोगानंतर सैनिकी सेवा वेतन अधिकाऱ्यांसाठी दरमहा १५,५०० रुपये, तर जवानांसाठी ५,२०० रुपये निश्चित झाले. हे वेतन निवृत्तिवेतनाच्या गणनेत धरले जाते. सीमेवरील धोका समान असताना ही तफावत का, असा प्रश्न विचारत फेब्रुवारी २०२३ मध्ये माजी जवानांनी जंतरमंतरवर स्वतंत्र आंदोलन केले. ‘माजी सैनिक’ हा एकसंध गट आहे, हे गृहीतक त्यामुळे तपासून पाहावे लागते.

निष्कर्ष

माजी सैनिकांच्या संघटनांचे मुख्य बळ संख्येपेक्षा नैतिक अधिकारात आहे. पक्षनिरपेक्ष सेवेतून हा अधिकार निर्माण होतो. निवडणुकीच्या व्यासपीठावर तो लवकर फळ देतो, हे २०१३-१४ मध्ये दिसले. परंतु संघटना एखाद्या पक्षाची मानली जाऊ लागली की तो क्षीण होण्याचा धोका संभवतो. पक्षांना बांधून घेणे आणि स्वतः पक्षाशी न बांधले जाणे, ही तारेवरची कसरत या संघटनांना करावी लागते. त्याचबरोबर जवान व वीरपत्नी यांना नेतृत्वात स्थान मिळाल्याशिवाय संघटनेचा प्रातिनिधिक दावा पूर्ण होणार नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर यांसारख्या सैनिकी परंपरेच्या जिल्ह्यांतील महाविद्यालयांना या दृष्टीने अभ्यासाचे क्षेत्र हाताशीच उपलब्ध आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात येणाऱ्या निवृत्तांच्या अनुभवांची पद्धतशीर नोंद झाल्यास दबावगटांच्या अध्ययनातील एक मोठी उणीव भरून निघू शकेल.