बी-12 ला ऊन का सोसत नाही?

औषधांचा डबा खिडकीत ठेवण्याची सवय अनेक घरांत असते. बुजुर्गांच्या नजरेसमोर राहावा, गोळी वेळेवर आठवावी, हा हेतू चांगलाच. पण त्या डब्यात बी-12 जीवनसत्त्व असेल, तर ती जागा बदलायला हवी.

आपल्या घरांत गोश्त-अंडी खातात, मग बी-12 कमी कसे पडेल, असे पुष्कळांना वाटते. पण मधुमेहावर वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते कमी पडू शकते. वाढत्या वयात ते अन्नातून शोषलेही कमी जाते. मग हातापायांना मुंग्या येतात, रक्त कमी होते, थकवा आणि विसराळूपणा वाढतो. डॉक्टर बहुधा मिथाइलकोबालामिन लिहून देतात.

हा रेणू कसा असतो? मधोमध कोबाल्ट या धातूचा एक अणू आणि त्याला धरून ठेवणारे सेंद्रिय कडे. धातूला असे धरणाऱ्या गटांना रसायनशास्त्रात लिगँड म्हणतात. ही रचना डोरोथी हॉजकिन यांनी 1956 मध्ये उलगडली. क्ष-किरणांच्या साहाय्याने केलेल्या अशा संशोधनासाठी त्यांना 1964 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या कोबाल्टला एका बाजूने मिथाइल गट जोडलेला असतो. हा जोड नाजूक. 400 नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीच्या अतिनील किरणांत ऊर्जा जास्त असते. ती शोषली गेली, की जोडातील इलेक्ट्रॉन हलतात आणि मिथाइल गट सुटतो. इथे तर साधा उजेडही पुरतो. कोबाल्ट तसाच राहतो; तुटते ते त्याचे लिगँडशी असलेले नाते. सुटलेल्या जागी पाण्याचा रेणू बसतो. हे रूपही बी-12 चेच, पण ऊन लागतच राहिले तर पुढे सेंद्रिय कडेही मोडू लागते. खिडकीची काच सगळे अतिनील किरण अडवत नाही. म्हणूनच हे इंजेक्शन तपकिरी काचेत येते.

काही औषधांत हा प्रश्न अधिक गंभीर असतो. रक्तदाब धोकादायक वाढल्यास रुग्णालयात सोडियम नायट्रोप्रुसाइड सलाईनमधून देतात. त्यात लोखंडाच्या अणूभोवती पाच सायनाइड गट आणि एक नायट्रिक ऑक्साइड असतो. उजेडाने हे संयुग मोडते आणि विषारी सायनाइड मोकळे होऊ शकते. म्हणून ती बाटली चांदीसारख्या कागदात किंवा काळ्या आवरणात गुंडाळतात. भेटायला गेलेल्यांनी कुतूहलापोटीही ते आवरण काढू नये.

घरी एवढे करावे: गोळ्या मूळ पाकिटातच, बंद कपाटात ठेवाव्यात. इंजेक्शन टोचायच्या वेळीच खोक्यातून काढावे. औषध बराच काळ उन्हात राहिले असेल, तर औषध दुकानदाराला किंवा डॉक्टरांना विचारावे. स्वतःच्या मनाने डोस बंद करू नये, वाढवूही नये.