पोतडीत काय भराल?

२०११ साली निघालेल्या 'स्कायरिम' या संगणक-खेळात एका अद्भुत प्रदेशात मनसोक्त हिंडायचे असते. गुहेगुहेत लूट सापडते. पण आरंभी ३०० एककांहून अधिक भार झाला, की आपल्या वीराला धावताच येत नाही. मग टाकायचे काय? नवखा खेळाडू स्वस्त वस्तू टाकतो. तुम्ही किमतीला वजनाने भागा. लोखंडी युद्धघणाची मूळ किंमत ५५, वजन २४. भागाकार सव्वादोनच्या आसपास. हिरा ८०० चा, वजन अवघे ०.१. भागाकार ८०००!

वसईच्या बागायतदाराला हे शिकवायला नको. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली, की पाणी उडून जाते, वजन घटते, गोडी एकवटते. शिवाय ही सुकेळी टिकतातही.

मात्र हा नियम डोळे मिटून वापरू नका. समजा, विरारहून लोकलने तुम्हाला १० किलोच नेता येतात. एक करंडी ६ किलोंची, ९० रुपयांची. दुसऱ्या दोन प्रत्येकी ५ किलोंच्या, ७० रुपयांच्या. भागाकार पहिलीचा मोठा, १५; इतर दोघींचा १४. पण ती उचललीत, तर उरलेल्या ४ किलोंत काहीच बसत नाही. मिळाले ९०. धाकट्या दोघी नेल्या असत्या तर १४०! करंडी फोडून थोडा माल नेता आला असता, तर नियम चुकला नसता.

सगळ्या निवडी तपासाव्यात, तर ३ वस्तूंच्या ८ होतात; ३० वस्तूंच्या १०० कोटींहून अधिक! तेव्हा पोतडी भागाकाराने भरा आणि शेवटच्या दहा-वीस एककांपुरती अदलाबदल करून पाहा.