कमानपाट्यांचा गंज आणि वंगण

१९०८ ते १९२७ या काळात तयार झालेल्या फोर्ड मॉडेल टी गाडीचा भार पुढे आणि मागे आडव्या बसवलेल्या एकेका कमानपाट्यावर, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या जुडग्यावर, तोललेला असे.

खड्ड्यात कमान दबताना पट्ट्या एकमेकींवर घसरतात; वंगण आटून तिथे गंज धरला की ही घसरण अडते, पाटा ताठरतो, बसणाऱ्यांची हाडे खिळखिळी होतात, आणि आखूड पट्टीचे टोक शेजारच्या लांब पट्टीत खाच कोरते, जिथून पुढे तडा जाऊ शकतो.

वरून तेल मारणे ही निव्वळ मलमपट्टी होय. पाटा उतरवून, मधला बोल्ट सोडण्यापूर्वी जुडगे क्लॅम्पमध्ये आवळून (अन्यथा पट्ट्या उसळतात), मग गंज घासून ग्रॅफाइट ग्रीस, म्हणजे शिसपेन्सिलीतल्या काळ्या पदार्थाची भुकटी मिसळलेले वंगण, लावावे.

खोल खाच पडलेली पट्टी मात्र बदलावीच.