डाइव्ह कॉम्प्युटर

डाइव्ह कॉम्प्युटर हे स्कूबा पाणबुड्यांनी मनगटावर बांधावयाचे किंवा हवेच्या नळीला जोडावयाचे उपकरण आहे. ते खोली व वेळ सतत मोजते आणि वाटेत न थांबता वर येण्याजोगा किती अवधी उरला आहे, हे दाखवते.

समुद्रात दर १० मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो व श्वासातील नायट्रोजन शरीरात अधिक विरघळतो. पाणबुड्या वेगाने वर आल्यास त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखी, पक्षाघात, क्वचित मृत्यूही ओढवतो.

विश्वसनीयता

युरोपातील 'ईएन १३३१९' हे मानक खोली व वेळ यांच्या मोजमापापुरते आहे. नायट्रोजनच्या गणिताला ते लागू नाही. हे गणित निरनिराळ्या प्रारूपांनी केले जाते. स्विस वैद्य आल्बर्ट ब्युलमान यांचे 'झेडएच-एल१६' प्रारूप शरीराचे १६ काल्पनिक कप्पे मानते. ब्रूस विंके यांचे 'आरजीबीएम' प्रारूप सूक्ष्म बुडबुड्यांचाही विचार करते. म्हणून एकाच बुडीसाठी दोन निर्दोष उपकरणेही भिन्न अवधी दाखवू शकतात.

कोणतेही उपकरण शरीरातील नायट्रोजन प्रत्यक्ष मोजत नाही. थकवा वा शरीरातील पाण्याची कमतरताही त्याला कळत नाही. त्यामुळे प्रत्येक पाणबुड्याने स्वतःचे उपकरण वापरावे, दिवसभराच्या बुड्यांत ते बदलू नये, जोडीदाराचे उपकरण कमी अवधी दाखवीत असल्यास तोच पाळावा आणि वर येताना सुमारे ५ मीटरवर ३ मिनिटे थांबावे, असा संकेत आहे.