नव्या खाऱ्या टाकीत आधी पाणी तपासा

खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीत थोड्याच आठवड्यांत वाळूवर तपकिरी थर चढतो, मासे धापा टाकतात आणि लगेच औषधाची बाटली उघडली जाते. घात बहुधा तिथेच होतो. माशांच्या कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या खाद्यातून अमोनिया पाण्यात येतो. त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करणारे जिवाणू दगड-वाळूवर रुजायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. त्यातच समुद्री पाण्याचा सामू ८.२ च्या आसपास असतो, आणि सामू चढा असला की अमोनिया अधिक जहाल होतो. म्हणून पहिली चाचणी अमोनियाची. तो सापडला तर खाद्य कमी करावे आणि तेवढ्याच क्षारतेच्या, तापमानाच्या ताज्या पाण्याने काही पाणी बदलावे. तपकिरी थर बहुतेकदा डायटम या सूक्ष्म शैवालाचा असतो. त्याला लागणारे पाण्यातले सिलिकेट संपले की तो आपोआप ओसरतो.

पण आजार खरा असेल तर? अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर उपचार हवेतच, मात्र वेगळ्या टाकीत. तांबे असलेले औषध मुख्य टाकीत ओतले तर कोळंबी आणि प्रवाळ मरतात, त्यांच्या कुजण्याने अमोनिया आणखी वाढतो.